सासूबाईंचं कोबोल

२ फेब्रुवारी

आजपासून लिहायचं ठरवलं. मनात ठेवलं की डोकं दुखतं आणि नवऱ्याला सांगितलं की तो म्हणतो, "तुझा स्वभावच संशयी." मी त्याला सावध म्हणते. तो लिफ्ट बसवायला निम्मा महिना परगावी असतो. घरातलं त्याला फारसं दिसत नाही आणि दिसलं तरी तो दोन्ही बाजूंना मान डोलावतो.

तर, काम मिळालं! नोकरी सोडून कंपनी काढल्यापासूनचं पहिलं मोठं काम. (कंपनी म्हणजे आमची पुढची खोली, दोन टेबलं, मी आणि दाढी. दाढी हा माझा एकुलता एक कर्मचारी. त्याला भेटलेल्या माणसाला दाढीशिवाय दुसरं काही आठवत नाही.) शहरातल्या बस कंपनीत कोणत्या चालकाने कोणती बस कधी काढायची, हे अजूनही कोबोलमधला एक जुनाट प्रोग्रॅम ठरवतो. कोबोल म्हणजे संगणकाची अगदी सुरुवातीच्या काळातली भाषा, माझ्या जन्माआधीची. चालकांना मोबाईलवर चकचकीत निळा पडदा दिसतो, पण पडद्यामागे बसून ड्यूटी लावते ती हीच म्हातारी. ते सगळं समजून घेऊन आजच्या भाषेत आणायचं, एप्रिलअखेरपर्यंत. जमलं तर बस कंपनीची पुढची कामंही आपलीच. नाही जमलं तर पुढची खोली पुन्हा बैठकीची खोली होणार आणि मी जुन्या साहेबांच्या दारात.

नवी भाषा लिहायला दाढी आहे. जुनी वाचायला कोणी नाही. ज्यांना येते ते एकतर निवृत्त, नाहीतर परवडणारे नाहीत. जेवताना नवरा सहज म्हणाला, "आईला येतं की. वीज कंपनीत तिने आयुष्यभर तेच केलं."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या ताटाकडे पाहत होत्या. पण घास हातातच राहिला होता.

५ फेब्रुवारी

आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) आज नऊ वाजता पुढच्या खोलीत हजर. इस्त्रीचे कपडे, चष्म्याला नवी दोरी, टोक केलेल्या दोन पेन्सिली. एरवी दहापर्यंत मागच्या खोलीचं दार उघडत नाही. हा उत्साह आला कुठून?

आमचं भांडण नाही. भांडायला आधी बोलावं लागतं. त्या मागच्या खोलीत रेडिओ लावून बसतात, मी पुढच्या खोलीचं दार लावून बसते, आणि मधल्या खोलीत आम्ही एकमेकींना "जेवण झालं का" एवढं विचारतो. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललंय.

प्रोग्रॅमची छापील पानं त्यांनी पुढे ओढली, पाच-सहा उलटली आणि म्हणाल्या, "हा माणूस चिडका होता."

"कोण?"

"ज्याने हे लिहिलं तो. कुठे एक शेरा नाही. आणि नावं बघ. आकडा ठेवायच्या जागेला 'जागा एक', 'जागा दोन' म्हणतो. घरी बायकोलाही 'ए' म्हणून हाक मारत असणार."

दाढी खो खो हसला. मी नाही हसले. पहिल्याच दिवशी माझा माणूस आपल्या बाजूला ओढून घेतला.

१२ फेब्रुवारी

काम हळू चाललंय. आई वाचतात, मला सांगतात, मी टिपते, दाढी लिहितो. मी ठरवलंय की स्वतःही वाचायला शिकायचं. उद्या या रुसून बसल्या तर काय करायचं? म्हणून सकाळी आधी तास-दोन तास माझी शिकवणी. शिकवताना त्यांचा आवाज वेगळाच लागतो.

"पाढे नाहीत हे. गोष्ट आहे. कोण आलं, काय आणलं, कुठे ठेवलं, एवढंच बघायचं. आमची भाषा फार साधी. ज्याला हिशेब कळतो त्याला ती कळावी म्हणूनच केली होती."

"आमची भाषा" म्हणे. जशी काही माहेरून आणलीय.

एक गंमत लिहून ठेवते. जुन्या प्रोग्रॅममध्ये नावाला जागा ठरावीकच. जास्त अक्षरं आली की शेपूट तुटतं. एका चालकाचं लांबलचक आडनाव मशीनने इतकी वर्षं अर्धंच छापलं की आता डेपोत सगळे त्याला त्या अर्ध्यानेच ओळखतात आणि त्याच्या मुलानेही तेच लावलंय. डेपो मॅनेजर म्हणाले, "मॅडम, नव्या सिस्टीममध्ये त्याचं पूर्ण नाव छापलंत तर तो नवीन माणूस भरती झालाय असं वाटेल." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

निघताना आईंनी पुन्हा विचारलं, "उद्या किती वाजता बसायचं?" रोज नऊलाच बसतो. तरी रोज विचारतात. मी चुकते का ते बघत असाव्यात.

२० फेब्रुवारी

कुठेतरी पाणी मुरतंय.

दुपारी पाणी प्यायला उठले. मागच्या खोलीचं दार लोटलेलं, आत आई फोनवर, दबक्या आवाजात. "अजून नाही गं. काम संपू दे आधी... नको, तिला इतक्यात काही सांगू नकोस." मी पावलं वाजवली तर रेडिओ मोठा झाला.

"गं" म्हणजे बाई. "तिला" म्हणजे मी. आता या कामावर डोळा असलेली बाई शहरात एकच. त्या काचेच्या इमारतीतल्या कंपनीची मालकीण. हे काम आम्हाला मिळालं तेव्हापासून ती मला पाण्यात पाहते. आम्ही तिला काचवाली म्हणतो. आईंची आणि तिची ओळख कशी, ते अजून कळलेलं नाही.

१ मार्च

आता पुरावाच मिळाला.

गेल्या सोमवारी आईंनी एक प्रोग्रॅम हातात घेतला आणि मान हलवली. "फार गुंत्याचा आहे. आठवडा लागेल." बरं म्हटलं. काल रविवारी डेपो मॅनेजरांचा फोन: जुन्या सिस्टीममध्ये सुट्टीच्या दिवसाचा चार्ट अडकलाय, काही करा. मी पानं आईंसमोर ठेवली. तितकाच मोठा, तितकाच गुंत्याचा. चहा निवायच्या आत त्यांनी बोट ठेवलं: "इथे. या वाक्याचा पूर्णविराम राहिलाय, त्यामुळे पुढचं वाक्यही यातच ओढलं गेलं." बरोबर निघालं.

म्हणजे येतं, पण करत नाहीत. मुद्दाम वेळ काढतात. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "अगं, वय झालंय तिचं."

"वय सोमवारी होतं आणि रविवारी उतरतं का?"

तो हसला आणि लिफ्टचं काहीतरी सांगू लागला. वर डेपो मॅनेजर बोलता बोलता बोलून गेले की काचवालीचा त्यांना फोन आला होता, काम कसं चाललंय म्हणून चौकशी करत होती. तिला कसं कळलं की आमचं काम मागे पडतंय? सांगणारं कोणीतरी असल्याशिवाय?

८ मार्च

गेल्या आठवड्यात आई अंघोळीला गेल्यावर त्यांच्या खोलीत गेले. एक छापील पान सापडत नव्हतं म्हणून गेले होते. पलंगाखाली बॅग दिसली, अर्धी भरलेली. उबदार कपडे, औषधांची पिशवी, सासऱ्यांचा फोटो. काम अर्ध्यावर टाकून पळायचा बेत आहे तर!

परवा पुन्हा पाहिलं तेव्हा बॅग रिकामी. आज पुन्हा भरलेली. ही काय भानगड आहे?

त्यातून आज एक विचित्र गोष्ट घडली. कोबोलमधलं एक पान मी एकटीने वाचून दाखवलं, न अडखळता. आई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या हाताखाली अकरा जण तयार झाले. तुझ्याइतकं लवकर कोणी शिकलं नाही." मी उगाच पुढचं पान उलटलं. मग दाढीने विचारलं, "काकू, मी?" त्या म्हणाल्या, "तू आधी दाढी कर, मग बघू." आम्ही दोघी एकदमच हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

नंतर वाटलं, माणसाला गाफील करायची हीच रीत असते.

१५ मार्च

ठरवलं. मोठी चाचणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, असं आईंना माहीत आहे. म्हणजे त्यांच्यामार्फत काचवालीलाही. मी डेपो मॅनेजरांशी बोलून ती पुढच्याच आठवड्यावर आणली. चार्टचा मुख्य प्रोग्रॅम तर झालाय, उरलेत ते रजेचे आणि किरकोळ. काचवालीने काही खोडा घालायच्या आत आपण दाखवून मोकळं व्हायचं.

दाढी म्हणाला, "काकूंना सांगायला नको?"

"नको."

"पण त्यांनी एकदा नजर टाकली असती तर..."

"पगार कोण देतं तुला?"

तो पुन्हा कामाला लागला. मला मात्र फार दिवसांनी बरं वाटलं.

२२ मार्च

तोंडघशी पडले. कसं लिहू?

डेपोच्या मोठ्या खोलीत मॅनेजर, त्यांचे दोन अधिकारी, चालकांचे प्रतिनिधी. भिंतीवर आमचा नवा चार्ट. आईंना सांगितलं होतं की मी आणि दाढी बँकेत जातोय. दोन महिन्यांचा चार्ट एकदम काढून दाखवायचा होता. पहिली पानं सुरेख. एक चालक तर म्हणाला, "अक्षर मोठं केलंत, बरं झालं." आणि मग एका पानापासून चालकांच्या नावांचा रकानाच कोरा. पुढचं पान कोरं, त्यापुढचंही कोरं. बस आहे, मार्ग आहे, वेळ आहे, माणूस नाही.

मॅनेजर चष्मा पुसून म्हणाले, "मॅडम, बस तर सुटली. चालवायला भूत बसवू का?"

सगळे हसले. एकजण मागून ओरडला, "आमची सगळ्यांची रजा मंजूर झाली वाटतं!" दाढीने तिथल्या तिथे शोधायचा प्रयत्न केला. मॅनेजर नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "एक संधी देतो. महिनाअखेर. त्यानंतर मला दुसरीकडे बघावं लागेल." दुसरीकडे म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

घरी आलो तर आई पुढच्या खोलीत बसलेल्या, पानं पसरून. दाढीचा चेहरा बघूनच त्यांनी ओळखलं. नवा चार्ट पाहिला. जिथून कोरा झाला तिथे पेन्सिल टेकवली.

"तीन खण," त्या म्हणाल्या.

कोबोलमध्ये प्रत्येक आकड्याला आधीच जागा नेमून द्यावी लागते. या प्रोग्रॅममध्ये पाळी मोजणाऱ्या आकड्याला तीन खण दिलेत. त्यात मावतात नऊशे नव्याण्णवपर्यंत. त्यापुढे एक मिळवला की हजार होतात, पण चौथा खणच नाही, म्हणून पुढचा एक गळून पडतो आणि उरतात तीन शून्यं. मशीन हूं की चूं करत नाही. आणि त्या चिडक्याने नेमका याचाच उपयोग केला होता. पाळ्यांची यादी शून्यापासून नऊशे नव्याण्णवपर्यंत, आकडा भरला की आपोआप पुन्हा पहिल्यापासून. दाढीच्या नव्या भाषेत आकड्याला जागेची ददात नाही. तो सरळ हजारावर गेला, पुढे गेला, आणि त्या नंबरची पाळी यादीत नाहीच. दाढीने घरी तपासलं तेव्हा आठवड्याचाच चार्ट काढला होता, तेव्हा आकडा एवढा चढलाच नाही.

मी विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

आईंनी चष्मा काढला. "पहिल्याच आठवड्यात."

दाढी उठून घरी गेला.

२३ मार्च

झालं ते सगळं लिहिते. नाहीतर उद्या मला वाटेल की मी स्वप्नात ऐकलं.

सकाळी मी मागच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच विचारलं, "किती दिवस चाललंय हे? काचवालीने काय कबूल केलंय तुम्हाला?"

"कोण काचवाली?"

"आता साळसूदपणा नको. फोन ऐकलेत मी. काम संपू दे, तिला सांगू नकोस. पलंगाखालची बॅग पाहिलीय."

आई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी फोन उचलून माझ्या हातात दिला. "बघ, कोणाचा नंबर आहे तो."

ताईंचा. माझ्या नणंदेचा. गेल्या दोन महिन्यांत रोज.

ताईंनी त्यांच्याकडे आईंसाठी खोली तयार केलीय. नवऱ्याला माहीत होतं. त्याने दोन्ही बाजूंना मान डोलावली असणार. ताई फेब्रुवारीतच न्यायला येणार होत्या. आईंनीच त्यांना थोपवलं, हातातलं काम संपल्याशिवाय निघणार नाही म्हणून.

"म्हणून तुम्ही काम संपवत नव्हता," मी म्हटलं.

"हो."

"आणि ते तीन खण?"

"चाचणी एप्रिलात होती ना? तू मला तसंच सांगितलं होतंस. आधीच्या आठवड्यात सांगणार होते. सगळं एकदम सांगून टाकलं तर नंतर माझ्याकडे सांगायला काय उरणार?" त्यांचा आवाज चढला. "मुलगी वाईट नाही माझी. जीव लावते. पण तिथे दिवसभर 'आई, बस. आई, पड जरा. आई, तू कशाला उठलीस?' मला कोणी काही विचारणार नाही. इथेही तेच होतं, फेब्रुवारीपर्यंत. काम संपलं की तू परत दार लावून घेशील. नाही घेणार? सांग."

खोटं बोलता येत होतं, पण त्यांच्यासमोर जमलं नाही. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. चाचणी मी चोरून अलीकडे आणली नसती तर त्यांनी सांगितलंच असतं आणि काल कोणी हसलं नसतं.

"तुझं काम बुडवायला निघाले होते असं वाटलं तुला," आई म्हणाल्या. "एका घरात राहून."

दुपारभर विचार केला. त्या म्हणतात ते खरं असेल. किंवा पकडल्या गेल्यावर माणूस असंच बोलतो. नंबर मात्र ताईंचाच होता.

२९ मार्च

आई रागाने काम करताहेत. शिकवणी बंद, गप्पा बंद. पान उचलतात, वाचतात, दाढीला सांगतात, पुढचं पान. आठवड्याचं म्हणायच्या ते तासात हातावेगळं. आज बस कंपनीत दुसरी चाचणी झाली आणि पार पडली. आकडा नऊशे नव्याण्णवला पोचला, पुन्हा शून्यावर आला, सगळ्या बसवर माणसं. मॅनेजरांनी दाढीच्या पाठीवर थाप मारली. मी आईंनाही चला म्हटलं होतं. "माझं काय काम?" म्हणाल्या.

आता एकच प्रोग्रॅम उरलाय, रजेचा. अगदी छोटा. आईंनी तो माझ्या टेबलावर ठेवला. "हा तुला एकटीला येईल. मला बोलवायची गरज नाही." आणि जाऊन रेडिओ लावला.

ताईंचा मला फोन: "दहा तारखेला येते. तोवर संपेल ना गं? तुलाही सुटल्यासारखं वाटेल, अडकून पडली होतीस." मी "हो" म्हटलं. खरंच आहे. मागची खोली मोकळी झाली की दाढीला वेगळी खोली मिळेल, पुढच्या खोलीसारखा उन्हाचा त्रास नाही. एक माणूस आणखी घेता येईल.

मागच्या खिडकीचं पडद्यासाठी माप घेतलं. पण कागदावर लिहिलं नाही.

७ एप्रिल

आज रजेचा प्रोग्रॅम वाचायला घेतला. कोण आलं, काय आणलं, कुठे ठेवलं. एकाच बैठकीत संपला. एकही जागा अडली नाही. चिडक्याने या एकाच ठिकाणी चांगली नावं दिलीत. स्वतःला रजा मिळायची असावी.

तेवढ्यात ताईंचा फोन. "झालं का काम?"

मी म्हटलं, "नाही हो. शेवटचा फारच किचकट निघालाय. आईंशिवाय होणार नाही. तुम्ही दहाला येऊ नका, मी कळवते." ताई हिरमुसल्या. पुढे म्हणाल्या, "तू तिला मुद्दाम तर अडकवून ठेवत नाहीस ना?" लोक किती संशयी असतात!

खोटं बोलले ते कामाच्या शिस्तीपोटी. शेवटचं काम दोघांच्या नजरेखालून गेलेलं बरं.

पानं घेऊन मागच्या खोलीत गेले. रेडिओ चालू होता. पलंगावर भरलेली बॅग, कुलूप लावलेली. आई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"आई, हे मला काही कळत नाहीये."

त्यांनी रेडिओ बंद केला, चष्मा लावला आणि पानं वाचली, सगळी, सावकाश. मग चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दोन महिने त्यांच्याकडे पाहत होते.

"यात न कळण्यासारखं काय आहे?"

"सगळंच," मी म्हटलं.

त्यांनी पानं उशीशी ठेवली. मग बॅग पलंगावरून खाली ढकलून त्यांनी माझ्यासाठी जागा केली.

"गुंत्याचं आहे खरं," त्या म्हणाल्या. "महिना तरी लागेल."

"लागू दे," मी म्हटलं आणि बसले.